पहिली बाजू, तिसरं गाणं

तबकडीवर नाव आहे 'बू राशिद अँड सन्स'.
बँडचं नव्हे ते, गॅरेजचं.
मजकूर आम्ही बिलबुकाच्या पानावर लिहून पाठवला,
छापणाऱ्यानं सगळ्यात वरची ओळ उचलली.

मुहर्रक, सदुसष्ट साल.
रुपया जाऊन दिनार आल्याला दोन वर्षं झालेली,
तरी पगार आम्ही मनात रुपयांतच मोजायचो.
मी सुट्या भागांचा हिशेब लिही, आणि हजेरी.
दुपारी बारा ते चार शटर अर्धं खाली,
आत ग्रीसचा वास, चार माणसांपुरती सावली.

गिटार इनास डाबरेची, वसईहून गोधडीत गुंडाळून आणलेली.
अ‍ॅम्प्लिफायर विमानतळावरच्या एका गोऱ्या शिपायाचा,
बदली झाली म्हणून सात दिनारला देऊन गेला.
स्पीकरचा कागद फाटका.
इनासनं त्याला पंक्चरचं सोल्युशन लावलं, वर ट्यूबचा तुकडा.
तेव्हापासून तो वाजेना, खाकरू लागला.
बिघडलं, म्हणालो मी.
शराफत म्हणाला, राहू दे. माझा घसा तरी कुठं धड आहे?

शराफत मुकादम, बाणकोटचा, वेल्डर.
आपल्याला गाता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं,
एवढीच त्याची तालीम.
दोस्तैन बलुच बडवायचा एक खरा ड्रम,
एक पेट्रोलचा डबा
आणि गिऱ्हाइकानं न सोडवलेल्या फोर्डचं बॉनेट.

नऊ गाणी. सगळी मिळून एकोणीस मिनिटं.
एकच मायक्रोफोन, गाडीच्या जॅकला तारेनं बांधलेला.
कोण कुठं चुकलं तरी थांबायचं नाही;
टेप महाग होती.

तिसऱ्या गाण्यात शब्द एकच.
बाचर.
तिथल्या बोलीत, उद्या.
पगार? बाचर. पासपोर्ट? बाचर.
रजा, तिकीट, खोलीतला पंखा —
शराफत प्रश्न गातच नव्हता,
नुसतं उत्तर ओरडत होता, बेचाळीस वेळा.
मोजलंय मी. माझं कामच ते.
आणि तिसाव्या बाचरला
कोपऱ्यातला हवेचा कॉम्प्रेसर आपसूक सुरू झाला,
फटफटफटफट, सगळं बुडवून.
दोस्तैननं माझ्याकडे पाहिलं, मी बटणाकडे.
कोणी हललं नाही.
मग त्यानं स्वतःचा ताल सोडून दिला
आणि कॉम्प्रेसरचा धरला.

कराचीहून तीनशे प्रती काढून आणल्या.
जुलै होता. कस्टमच्या पत्र्याखाली अकरा दिवस पडून
बाहेर आल्या त्या तळलेल्या पापडासारख्या.
सुई चढावर धापा टाकी, उतारावर सुसाट सुटे.
घेणाऱ्यांना वाटलं, चालच अशी आहे.
घेणारे चौतीस.
उरलेल्या बू राशिदनं
तेल गळणाऱ्या गाड्यांखाली मांडल्या.
चिडला नव्हता तो. म्हणाला, नाव तर माझंच आहे.

दहाएक वर्षांनी इनासच्या भाच्यानं
लंडनहून कॅसेट पाठवली. सोबत चिठ्ठी:
मामा, हे इकडे अगदी नवीन निघालंय,
पंक म्हणतात, पोरं कपड्यांना सेफ्टी पिना टोचतात.
इनासनं ऐकली. तीन कॉर्ड, घाई,
गळ्याला न विचारता आलेला आवाज.
बाजू संपेपर्यंत पाय हलवत होता.
मग म्हणाला, बरी आहेत पोरं.
पण कॉम्प्रेसर कुठाय?

शराफत तोवर दम्मामला गेला होता,
पुढं कुठं, ते कळलं नाही.

एक प्रत माझ्याकडे आहे, वाकडी.
कधीमधी लावतो. तिसरं गाणं आलं
की मला माझी हिशेबाची खिडकी दिसते,
जाळीतून आत येणारे काळे पडलेले हात,
आणि आत मी, वहीतून मान वर न करता,
तोच एक शब्द म्हणणारा,
त्याच सुरात, तितकाच कोरडा.

चाल माझी होती.
श्रेय कुठं छापलेलं नाही, तेच बरं.